कत्तरीरायाच्या हातातली टेप

१

मंडी मोहल्ल्यातल्या त्या अरुंद दुकानाचं शटर भाग्या रोज सकाळी एका दमात वर ढकलायची. मग झाडलोट, मग विठ्ठलाच्या तसबिरीपुढे आणि तिच्या खालच्या अप्पांच्या फोटोपुढे उदबत्ती, मग मशीनला तेलाचे दोन थेंब. अप्पांनी, म्हणजे वासुदेवरावांनी, जन्मभर याच क्रमाने दुकान उघडलं होतं. ते गेल्यावर भाग्याने क्रम बदलला नाही. फक्त शर्ट-पँटी बंद करून ब्लाउज घ्यायला सुरुवात केली, कारण शर्ट शिवून घेणारी माणसंच उरली नव्हती.

राग मात्र तिचा स्वतःचा होता. अप्पांना राग म्हणून येत नसे, त्यामुळे त्यांच्या वाटचंही तीच रागावून घ्यायची. पन्नाशी उलटली तरी त्यात काही फरक पडला नव्हता.

त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तुंगाबाई. विठ्ठल मंदिरातल्या भजनाला दोघी शेजारी बसत. भाग्या छातीचं माप घेत होती आणि तुंगाबाई हात वर धरून, त्या वरच्या हातातल्या फोनकडे बघत हसत होत्या.

"हलू नका हो तुंगाबाई, माप चुकतंय."

"अय्यो, हे नोड गं भाग्या, तुझ्याच धंद्यातला आहे बघ. सुनेनं पाठवलंय. मी जिना उतरायला लागले की ती घरच्या ग्रुपवर हेच टाकते, सासू आली म्हणून, मेली."

भाग्याने बघितलं. फोनवर एक कार्टून होतं. जांभळा पायघोळ अंगरखा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मिटलेल्या ओठांत टाचण्या, दोन्ही हातांत ताणून धरलेली पिवळी टेप. मागे जांभळे पडदे लावलेला महाल. खाली कानडीत लिहिलं होतं, "निंत्को, अळते तगोतीनि." उभा राहा, माप घेतो.

तुंगाबाई हसत होत्या. भाग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते कार्टून नव्हतंच. ते तिचे अप्पा होते.

२

या चेहऱ्याशी तिचं भांडण जुनं होतं.

वीसएक वर्षांपूर्वी दुकानाच्या वरच्या खोलीत चार पोरांनी कार्टून काढायचा कारखाना थाटला होता. त्यांतला देवेश म्हणून एक किडकिडीत पोरगा दोरा मागायला खाली यायचा आणि कॉफी पिऊन तासभर बसायचा. हातात कायम पेन्सिल. अप्पा ओठांत टाचण्या धरून काम करत, त्यामुळे कुणी काही विचारलं तर तोंड न उघडता नुसतं "हूं" म्हणत. देवेश हसायचा. अप्पांनाही गंमत वाटायची.

मग त्यांची मालिका इथल्या केबलवर लागली. तिच्यात एक दुष्ट होता, कत्तरीराय, म्हणजे कात्रीवाला राजा. हा झोपलेल्या मुलांच्या सावल्या कात्रीने कापून न्यायचा आणि त्यांचा स्वतःसाठी अंगरखा शिवायचा. चष्मा अप्पांचा, ओठांतल्या टाचण्या अप्पांच्या, ते "हूं"सुद्धा अप्पांचं.

मालिका काही आठवड्यांतच बंद पडली, पण व्हायचं ते होऊन गेलं. गल्लीतली पोरं दोऱ्याची रिकामी रिळं मागायला अप्पांकडे यायची, त्यांच्या गाड्या करायची. ती यायची बंद झाली. दुकानासमोरून जाताना धावत सुटायची. अप्पा रिळं टाकून देत नसत. बिस्किटांच्या डब्यात साठवत राहिले. ते गेले तेव्हा डबा काठोकाठ भरलेला होता, आणि तो बघून भाग्याला रडू येण्याऐवजी संतापच आला.

कुणाला दुष्ट करून ठेवलं त्यांनी? जो माणूस निजलेल्याच्या अंगाला टेप लावत नसे त्याला! भावाची नव्या जन्मली तेव्हा तिच्या पहिल्या अंगड्यासाठी अप्पा ती जागी होईपर्यंत टेप गळ्यात घालून पाळण्यापाशी बसून राहिले होते. झोपेतच घ्या की माप, रडणार तरी नाही, असं वहिनी म्हणाली. अप्पांनी ओठांतल्या टाचण्या काढून सांगितलं, "निजलेल्या माणसाचं माप घेणं हे शिंप्याचं काम नाही." मग ते काम कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

टेप हा त्यांच्या दुकानात देवाखालोखालचा जिन्नस होता. संध्याकाळी ती गुंडाळून टाचणी टोचून ठेवायची, उघडी सोडायची नाही. अप्पांची ती मेणकापडाची जुनी टेप होती, टोकाची पितळी पट्टी कधीच गळून पडलेली, पहिला इंच झिजून त्याच्या नुसत्या दशा झालेल्या. अप्पा एकच्या आकड्यापासून मोजायचे आणि शेवटी एक वजा करायचे. पाठीचं माप घेताना एकचा आकडा मानेच्या मणक्यावर आला की त्या दशा वर केसांत जायच्या आणि गुदगुल्या व्हायच्या. शाळेच्या परकर-पोलक्याचं माप देताना भाग्या दर वर्षी हसायची आणि अप्पा टाचण्यांमधून "हूं" करून तिला दटावायचे. ही घरातली गोष्ट. बाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

अप्पांनंतर ती टेप गुंडाळून, टाचणी टोचून त्यांच्या फोटोमागे ठेवलेली होती.

३

"मीम आहे ते अत्ते, अष्टे, तेवढंच," नव्या म्हणाली. ती आता कॉलेजात होती आणि भाऊ हुबळीला असल्यामुळे भाग्याकडेच राहायची. "सुम्ने, उगाच रागावतेस. लोक हसतात आणि विसरतात."

लोक विसरत नव्हते. पंधरवड्यात कत्तरीराय गावभर झाला. परीक्षेच्या निकालाखाली तो, वीजबिलाखाली तो, क्रिकेटमध्ये हरलेल्या संघाखाली तो. रिक्षांच्या मागच्या काचेवर त्याचे स्टिकर लागले. बैलकुप्पेहून स्वेटरची लोकर घेऊन येणाऱ्या तिबेटी बाईच्या फोनवरही तो होता, आणि खाली भाषा कुठली, तेही भाग्याला कळलं नाही. दिवसातून चार माणसं तिला तो दाखवत आणि तिने हसावं म्हणून वाट बघत. तिने दोघींचे ब्लाउज न शिवता परत केले.

याच दिवसांत तिला एक गोष्ट खटकली. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो ताठ उभा होता. शिंप्याच्या पोरीला एवढं कळतं. माणूस उभा असला की खांद्याची शिवण कुठे बसते आणि वाकला की कुठे सरकते. आता त्याचे खांदे पुढे आले होते.

शेजारच्या मोबाईल दुकानातल्या शरतकडे ती गेली. त्याने आपला आणि तिचा फोन शेजारी ठेवला. "अक्का, एकच फोटो आहे. बघा की. तुमचे नंबर वाढले असतील." दोन्ही फोनवर तो सारखाच वाकलेला होता. म्हणजे चष्म्याचाच दोष, असं तिनेही स्वतःला बजावलं. वय झालं, राग जास्त झाला, दिसतं ते दिसतं.

तरी घरी जायच्या आधी तिने एक केलं. कापडावर खुणा करायचा चपटा खडू घेतला आणि फोनच्या काचेवर, चित्रातल्या चष्म्याच्या दांडीला लागून, एक बारीक रेघ ओढली. फोन तसाच मशीनवर ठेवला. सकाळी बघितलं तर रेघ जागच्या जागी होती. चष्मा रेघेच्या बोटभर खाली होता.

नव्याला तिने हे सांगितलं नाही. सांगणार काय? पोरगी हसली असती, आणि भाग्याला त्या दिवशी हसणं सोसलं नसतं.

मग पोरांनी नवीन खेळ काढला. कुणी झोपलेलं दिसलं की टेपने, ओढणीने, हाताला लागेल त्याने डोक्यापासून पायापर्यंत त्याचं माप घ्यायचं आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. भाग्याने तो फोनवर पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला. अप्पांचा चेहरा लावून हे! जे त्यांनी जन्मात केलं नाही नेमकं तेच!

तुंगाबाई ब्लाउज न्यायला आल्या त्या हसत नव्हत्या.

"सून झोपूनच असते गं," त्या म्हणाल्या. "तिचा भाऊ आलेला, दुपारी ही निजली होती, त्यानं चार्जरच्या वायरीनं मोजली. गंमत म्हणून. तेव्हापासनं जेवायला उठवलं की उठते, घास तोंडात असताना परत डोळे मिटते. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

तुंगाबाईंनी पिशवी छातीशी धरली. "मी फोन बंद करून कपाटात टाकलाय," त्या म्हणाल्या आणि मापात कमी-जास्त न बघताच निघून गेल्या.

४

देवेश आता हिनकलला राहत होता आणि शाळेत चित्रकला शिकवत होता. पत्ता शरतने शोधून दिला. रविवारी जेवण उरकल्याबरोबर भाग्या बसने निघाली. वाटेत तिने काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, आणि दार उघडल्या उघडल्या ते सगळं एका श्वासात बोलून टाकलं. लाज नाही वाटत? ज्याची कॉफी प्यायलात त्याच्या तोंडाला काळं फासलंत? मेल्यावर तरी सोडा त्याला!

देवेशचे केस पिकले होते. तो उंबऱ्यातच उभा राहून सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "आत या अक्का. ते चित्र मी काढलेलं नाही."

त्याने माळ्यावरून जुन्या कागदांचं गाठोडं काढलं. शेकडो कत्तरीराय. धावणारा, हसणारा, कात्री उगारलेला. भाग्याने एकेक कागद उलटून बघितला. टेप एकाही चित्रात नव्हती.

"टेप कशी काढणार?" देवेश म्हणाला. "टेपवर रेघा आल्या, आकडे आले. ती हलली की प्रत्येक चित्रात ते सगळं परत काढायचं. आम्ही चार जण होतो. मेलो असतो. कात्री बरी, दोन रेघांत होते." त्याने वरचा कागद सरळ केला. "आणि तसंही, तुमच्या वडिलांनी नको म्हणून सांगितलं होतं."

"अप्पांनी?"

"मी त्यांना विचारल्याशिवाय काढलं असं वाटलं तुम्हाला? मी पहिलं चित्र त्यांनाच दाखवलं. खूप हसले. म्हणाले, काढ, मला दुष्ट कर, चोर कर, काय हवं ते कर. कात्रीही दे. पण टेप त्याच्या हातात द्यायची नाही. कात्री कापडावर चालते, म्हणाले, टेप माणसावर चालते."

भाग्याने हातातला कागद गाठोड्यावर ठेवला. इतकी वर्षं ती ज्यांच्यासाठी रागावत होती त्यांनी स्वतःच हसून परवानगी दिली होती, आणि तिला सांगितलंही नव्हतं. आता राग कुणावर धरायचा? तिने तो अप्पांवर धरला. रिळांचा डबा भरत बसले, आणि पोरीला एका शब्दाने बोलले नाहीत!

"मग टेप दिली कुणी?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही. मी ते चित्र आता बघत नाही अक्का." देवेशने गाठोडं बांधायला घेतलं, पण गाठ काही बसेना. "पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो ताठ उभा होता. नाही का?"

५

बसथांब्यावर ऊन रणरणत होतं. भाग्याने नव्याला फोन लावला. रविवारी दुपारी नव्या दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्यास करायची, कारण तिथे गारवा असायचा.

"नव्या, त्या चित्राच्या हातात टेप कुणी घातली, हे तुम्हाला पोरांना कळतं का? पहिलं कुणी टाकलं ते?"

मग नव्या म्हणाली, "तू ओरडणार."

"नाही ओरडत."

"मीच. अज्जाची मालिका मला नेटवर सापडली. कुणीतरी जुनी टाकलेली. मला इतकं बरं वाटलं अत्ते, अज्जाचं 'हूं' परत ऐकून. पण त्याच्या हातात ती कात्री. टेपशिवाय तो आपला अज्जा वाटेचना. म्हणून मी फोटोमागची टेप काढली, तिचा फोटो घेतला, आणि त्या हातांत बसवला. मैत्रिणींना पाठवला फक्त. पुढे असं होईल, हे मला काय माहीत?"

भाग्याचा आवाज चढला नाही, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "टेप परत ठेवलीस ना? गुंडाळून, टाचणी लावून?"

"ती... परवा परत काढलेली. खुंटीला आहे बहुतेक. की मशीनवर." नव्याने मोठी जांभई दिली. "परवा मी इथे झोपलेली असताना वर्गातल्या मुली आलेल्या. त्यांनीही माझं माप घेतलं, व्हिडिओ केला. त्याच टेपनं. तेव्हापासून इतकी झोप येते..."

"नव्या, उठ. बाहेर जा. शरतच्या दुकानात जाऊन बस. ऐकतेस का?"

"हो अत्ते. पाचच मिनिटं," नव्या म्हणाली.

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. तो बंद केलेला नव्हता. भाग्याने कान लावला. नव्याचा संथ श्वास येत होता. मग स्टीलच्या झाकणीत काहीतरी बारीक, एकामागून एक पडत गेलं. तो आवाज ती झोपेतही ओळखू शकली असती. गिऱ्हाइकाशी बोलायचं झालं की अप्पा टाचण्या ओठांतून काढून झाकणीत टाकत. पण कुणी बोललं नाही.

६

बस सोडून ती रिक्षाने आली. रिक्षाच्या काचेवरही तो होता, म्हणजे त्याचे जांभळे पडदे होते. मध्ये जागा मोकळी होती. रिक्षावाल्याला तिने विचारलं तर तो म्हणाला, स्टिकर आधीपासून असाच आहे, नुसता महालाचा.

शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत गेली. ट्यूबलाइट घुमत होती. विठ्ठलाच्या तसबिरीखाली अप्पांचा फोटो तिरका झाला होता. खुंटीवर टेप नव्हती, मशीनवरही नव्हती. मागच्या खोलीचा पडदा सोडलेला होता, आणि तो जमिनीपासून वीतभर वरच राहायचा.

पडद्याखालून टेपचा पिवळा पट्टा बाहेर आलेला होता. तो फरशीवरून हळूहळू आत सरकत होता, कापड मशीनखालून ओढलं जावं तसा, न थांबता.

"नव्या!"

आत गुडघा दुमडल्याचा 'कट' असा आवाज झाला. पँटची लांबी मोजायला अप्पा एका गुडघ्यावर बसत तेव्हा त्यांचा डावा गुडघा असाच वाजायचा. पडद्याखाली तिला एक गुडघा टेकलेला दिसला. त्याच्यावर जांभळं कापड होतं.

भाग्याची पाचावर धारण बसायला हवी होती. तिला राग आला. इतक्या दिवसांचा, इतक्या वर्षांचा सगळा राग एकदम आला.

"कोण आहेस तू?" ती ओरडली. "माझ्या बापाचा चष्मा लावलास, त्याचा आवाज घेतलास, म्हणून तू तो झालास? तो निजलेल्या पोरीला हात लावत नव्हता! पाळण्यापाशी बसून राहिला होता तो, ती जागी व्हावी म्हणून! तुला टेप धरता तरी येते का? ठेव ती खाली!"

टेप सरकायची थांबली.

"माप पाहिजे ना तुला? उभ्या माणसाचं घे. जागी आहे मी. माझं घे आणि तिला सोड."

तिने पडद्याकडे पाठ केली. गिऱ्हाइकांना ती रोज सांगायची तसं केलं: मान सरळ, खांदे सैल, हात अंगापासून थोडे दूर. समोर अर्ध्या शटरखालून रस्ता दिसत होता. शरतच्या दुकानासमोर कुणीतरी स्कूटर लावत होतं. मागे गुडघा पुन्हा वाजला. पडद्याच्या कड्या घसरल्या.

"अत्ते?" आतून नव्याचा आवाज आला, झोपेने जड झालेला, पण जागा. "कधी आलीस? किती वाजले?"

सुटली, भाग्याला वाटलं. आणि हेही वाटलं की आता वळायचं, त्याच्या तोंडावर सांगायचं, तू माझा अप्पा नाहीस. तो जो कुणी होता तो अगदी मागे उभा होता. मिटल्या ओठांतून, टाचण्यांमधून, तो म्हणाला, "हूं."

टेप तिच्या पाठीला लागली. जो खरा अप्पा नाही तो टोकापासून मोजणार, मानेच्या मणक्यावर टोकच टेकवणार, हे तिला माहीत होतं, आणि ती त्याचीच वाट बघत उभी होती. मणक्यावर थंड बोटाने एकचा आकडा दाबला गेला. झिजलेल्या पहिल्या इंचाच्या दशा वर केसांत गेल्या, आणि तिला गुदगुल्या झाल्या.